कत्‌वर फुललेला केशरी

व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट डोळ्यांवर चढवला की गाणारा माणूस दिसेनासा होतो. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे तबल्यावरचा हात दिसत नाही.

हे मला पहिल्याच बैठकीत कळलं. पुण्यात एका ओळखीच्यांच्या घरी, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली माणसं, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर. ताई पूरिया राग गात होत्या, तबल्यावर काका. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल; बारा मात्रांचं एक आवर्तन साधारण ४८ सेकंदांचं. मी त्यांच्या डाव्या हाताला अनवाणी उभी, दोन्ही हातांत कंट्रोलर, आणि गाण्याला साथ म्हणून हवेत हात फिरवून रेषा, धुकं, उजेड काढत होते; ते भिंतीवर उमटत होतं. काहीही आधी ठरवलेलं नव्हतं.

तबल्याचे ‘धागे तिरकिट’ हे बोल कानावर आले आणि मी समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, तयारी केली. दोन मात्रा थांबले आणि सगळं आकाश केशरी फुलवलं. तबल्यावर वाजलं ‘कत्’. सातवी मात्रा, म्हणजे खाली, टाळी नसलेली जागा. एकतालात धागे तिरकिट दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्या. पहिल्यानंतर ‘तू ना’, दुसऱ्यानंतर ‘धिं ना’. ‘धिं’मध्ये डग्ग्याचा घुमारा असतो, ‘तू’मध्ये नसतो; डग्गा नीट ऐकला असता तर फसले नसते. लहानपणी सहा वर्षं तबला शिकले आहे मी. खरी सम अजून २४ सेकंद लांब होती, आणि तेवढा वेळ तो केशरी रंग भिंतीवर ताटकळत राहिला. विझवायलाही हात धजेना.

नंतर चहा घेताना एकाने विचारलं, हे कॉम्प्युटरवरच का सोपवत नाहीस? आवाज आत, चित्र बाहेर. मी ते वर्षभर करून पाहिलं आहे. आवाजाचा तुकडा कापून त्यातल्या वारंवारता मोजायच्या, अशी ती पद्धत. सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यातले २०४८ घेतले तर तुकडा ४६ मिलिसेकंदांचा होतो आणि मोजपट्टीवरच्या खुणा साडेएकवीस हर्ट्झच्या अंतराने पडतात. ताई काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत) गातात, षड्ज म्हणजे त्यांचा ‘सा’ साधारण २३३ हर्ट्झ. त्यावरचा कोमल ऋषभ (रे) जेमतेम पंधरा हर्ट्झ वर. म्हणजे पूरियाचा जीव ज्या अंतरात आहे, ते या सरळ मोजणीत सापडतच नाही. तुकडा चौपट केला तर स्वर वेगळे दिसू लागतात, पण चित्र १८६ मिलिसेकंद मागे पडतं. तबल्याच्या साथीत एवढं मागे राहिलं तर काका वाद्य खाली ठेवायला सांगतील.

आणि मोजणी कितीही सुधारली तरी ती वाजून गेलेल्या आघातालाच उत्तर देणार. साथ करणारा मात्र येणाऱ्या समेची वाट गायकाबरोबर बघत असतो. मला ती वाट बघायची आहे. म्हणून हातानेच.

१९९२ साली शिकागोला, संगणक-चित्रांच्या सिग्राफ परिषदेत, व्हीआरच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेला जॅरन लॅनियर एक डेटाग्लोव्ह, म्हणजे हाताची हालचाल टिपणारा हातमोजा, घालून मंचावर उभा राहिला होता. आभासी जगातली त्याने स्वतः घडवलेली वाद्यं त्या एका हाताने वाजवली, आणि त्याला दिसणारं जग लोकांना पडद्यावर दिसत होतं. तिथे चित्र आणि संगीत एकाच माणसाच्या हातात होतं. आमच्याकडे स्वर ताईंचे, ठेका काकांचा, आणि मी त्यांच्यामध्ये जागा शोधणारी.

पहिल्या बैठकीत आणखी एक चूक झाली. माझ्या डोळ्यांना दिसतं तेच भिंतीवर जात होतं. गाणं आवडलं की मान हलतेच. माझी हलली की अख्खी भिंत हलायची. हेडसेट काढला तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजी डोळे मिटून बसल्या होत्या, त्या तल्लीन झाल्यात असं मला नंतरपर्यंत वाटत होतं. त्यांना गरगरत होतं. आता भिंतीसाठी त्या जगात एक वेगळा, स्थिर कॅमेरा ठेवते.

ताल कंट्रोलरच्या कंपनाने मोजावा असं सुचलं होतं. पण लय नकळत चढत जाते, यंत्राचा आकडा तिथेच राहतो. हातांची बोटं कंट्रोलरवर अडकलेली, म्हणून पायाच्या अंगठ्याने सतरंजीवर मात्रा मोजते. सतरंजीची कड तळव्याला लागली की कुठवर सरकले तेही समजतं. काका आठवड्यातून एकदा मला डोळे मिटून ठेका ऐकायला बसवतात.

दुसऱ्या बैठकीला पुन्हा पूरियाच होता. या रागात पंचम (प) वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात (नी) लावलेली. ताई मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावर थांबल्या, खूप वेळ थांबल्या. मी एकेक रेष पुसत गेले. शेवटी एकच बारीक रेघ उरली, भिंतीच्या मधोमध, जिथे षड्ज यायचा होता तिथली जागा सोडून. ‘धिं ना’ आलं. ती रेघही विझवली. षड्ज अंधारात लागला. खोलीत कोणीतरी ‘अहाहा’ म्हणालं आणि मी हेडसेटच्या आत रडत होते. काचांवर वाफ धरली, पुढचं अर्धं आवर्तन मी अंदाजानेच रंगवलं.

पुढची बैठक सकाळची आहे, राग तोडी. हॉलच्या पूर्वेच्या खिडक्यांना पडदे नाहीत आणि उन्हापुढे प्रोजेक्टर टिकणार नाही. ताईंना म्हटलं, पडदे लावू. त्या म्हणाल्या, “लाव, पण एक खिडकी उघडी ठेव, मला उजाडलेलं दिसलं पाहिजे.” आईने जुन्या काळ्या चादरी काढल्या आहेत. कोणती खिडकी सोडायची ते उद्या सकाळी सात वाजता तिथे उभं राहून ठरवणार आहे.