उरलेल्या पैशांतला एसएमपीएस

शनिवार, रात्र

पहिल्या गेमिंग पीसीची यादी बहुतेक वेळा एकाच क्रमाने लिहिली जाते. वर ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग दिवे लागणारी रॅम, काचेचं कॅबिनेट, आणि सगळ्यांत खाली, जे काही पैसे उरतील त्यात, एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. खरं तर यादी दोन टोकांकडून आत यायला हवी. एका टोकाला मॉनिटर, दुसऱ्या टोकाला भिंतीतलं सॉकेट.

मॉनिटर आधी का, तर १४४०पीच्या पडद्याला १०८०पीच्या पावणेदोन पट पिक्सेल (चित्राचे ठिपके) काढावे लागतात, आणि तो सगळा भार कार्डावर येतो. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) असेल तर मधल्या फळीतलं कार्ड पुरतं. इथे एक खोच आहे. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी मेमरी अशा दोन रूपांत मिळतात. स्वस्त दिसणारा भाव बहुधा ८ जीबीचा असतो. नव्या गेममध्ये टेक्स्चर (भिंती-कपड्यांवरचा तपशील) अल्ट्रावर, म्हणजे वरच्या दर्जावर, नेलं की ८ जीबी भरतात. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) ठीक दिसतो, पण वळताना, दार उघडताना गेम अडखळतो. खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

प्रोसेसरवर फार डोकं खाजवण्यात अर्थ नाही. रायझन ५ ७६०० घ्या: सहा कोअर, ६५ वॅट, खोक्यातच कूलर. त्याचाच भाऊ ७६००एक्स कूलरशिवाय येतो, म्हणजे तो खर्च वेगळा धरायचा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल (इंटेलचा १२४००एफ, एएमडीचा ७५००एफ) तर आत ग्राफिक्स नाही. एरवी फरक पडत नाही, पण कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं की पुढचे काही आठवडे पडदा काळाच.

७६०० ज्या एएम५ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) बसतो, त्याला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढले, त्यामुळे एक जुना पर्याय पुन्हा शहाणपणाचा वाटू लागलाय: घरात आधीच्या पिढीच्या, डीडीआर४च्या दोन ८ जीबी पट्ट्या पडून असतील तर जुन्या एएम४ सॉकेटवरचा रायझन ५ ५६०० घेऊन वाचलेले पैसे कार्डात घालावेत. रॅम नवीनच घ्यायची असेल तर मात्र एएम५.

आता एसएमपीएस. हिशेब अगदी साधा आहे. ६५ वॅटचा म्हणून विकलेला एएम५ प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो. कार्ड १८०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६०. बेरीज सव्वातीनशेच्या आसपास. मग कॅबिनेटसोबत फुकट येणारा ‘४५० वॅट’ का नको? त्याच्या बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच रकान्यावर जगतात. तिथे २० अँपिअर असतील तर हाती २४० वॅटच. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून आकडा फुगवलेला असतो. चांगल्या ६५० वॅटवाल्यावर तिथे ५४ अँपिअर दिसतात. शिवाय कार्ड काही मिलिसेकंद नेहमीपेक्षा बरंच जास्त ओढतं. त्या झटक्यात हलका एसएमपीएस बंद पडतो, मशीन ऐन लढाईत विझतं, आणि दोष कार्डाला दिला जातो. ८० प्लस ब्राँझ म्हणजे वीज किती कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र, टिकाऊपणाचं नव्हे. त्यासाठी वॉरंटी पाहावी, पाच वर्षांच्या खाली नको.

आणि भिंतीतलं सॉकेट. चालू पीसीच्या कॅबिनेटला अनवाणी पायाने हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट अर्थिंगला सोडतो. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर बसतो. ‘थोडंसं येतंच’ म्हणून सोडू नये. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून घ्यावा: फेज आणि अर्थ यांच्यामध्ये साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार.

लोडशेडिंगच्या गावात यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट असं धरू नये; असे बरेच यूपीएस ३६० वॅटचेच असतात. सव्वातीनशेचं मशीन आणि वर मॉनिटर म्हटलं की तो काठावर येतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचा यूपीएस मोड चालू आहे ना बघा. नाहीतर वीज गेली की बदलाबदलीच्या क्षणात मशीन रीस्टार्ट.

रविवार

मुंबईत पार्टच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नये, बरीच दुकानं बंद असतात. भाव विचारताना ‘१८ टक्के जीएसटी धरून का?’ हे आधी विचारावं. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्यावं. विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की आतलं तापमान तितकंच वर सरकतं. पुढून बंद काच असेल तर पंखे नुसते ओरडतात. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची जागा मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी.

जोडणीतल्या चुका ठरलेल्या आहेत. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायचं राहतं. मदरबोर्डखाली भोक नसलेल्या जागी पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) राहतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावल्या जातात; खाच बसते, पण आतली तारांची मांडणी कंपनीगणिक वेगळी, आणि पहिला बळी एसएसडीचा जातो. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर डीडीआर५चं मशीन काही मिनिटं काळंच राहतं. ते रॅम जुळवून घेत असतं; घाबरून वीज काढू नये. मॉनिटरची केबल कार्डात हवी, बोर्डात नको. चित्र आलं की बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करावं. टास्क मॅनेजरमध्ये ६०००ची रॅम ४८०० दिसत असेल तर ते राहिलंय. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एकदा डोकवावं: १४४चा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच बसलेला असतो.