पंधरा किलोमीटर समुद्र गावाचा

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात राहायला आले त्याला आता दोन वर्षं होतील. बाजारात मासळी घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मानांग, कुठली?" मानांग म्हणजे ताई, वयाने मोठ्या बाईला इथे अशीच हाक मारतात. बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलं: एस्तान्सिया. मी हर्णैची. मासळी ताजी आहे हे पटवायला विक्रेती ज्या बंदराचं नुसतं नाव घेते, ते बंदर पाहिल्याशिवाय मला राहवेना.

पनाय बेटाच्या ईशान्येला, शहरापासून सुमारे 135 किलोमीटरवर हे गाव आहे. तागबाक स्थानकातून बस निघाली की उसाची आणि भाताची शेतं मागे पडत जातात. तीन तासांहून जास्त वेळ लागतो. शेवटच्या टप्प्यात खिडकीतून सुक्या मासळीचा वास आत आला आणि मला क्षणभर हर्णैच्या एसटीतच बसल्यासारखं झालं.

नाव स्पॅनिश आहे, 'एस्तान्सिया' म्हणजे गुरांचा मोठा मळा. आज इथे सगळं मासळीवर चालतं. वस्ती पन्नास हजारांहून थोडी जास्त, 25 बारांगाय, म्हणजे आपल्या वाड्या-वॉर्डांसारखे भाग. लोक या गावाला 'फिलिपिन्सचं अलास्का' म्हणतात. थंडीचा काही संबंध नाही, मासळीच तेवढी. समोर विसायन समुद्र पसरलाय, चहूबाजूंनी बेटांनी वेढलेला आणि उथळ. तारली, बांगडा, खेकडे, माकुळ, सगळं त्यातून येतं आणि इथून इलोइलो, रोहास, मनिलापर्यंत जातं. उत्तर इलोइलोच्या विद्यापीठाचं मुख्य आवारही इथेच आहे. शेजारच्या कार्लेसच्या हद्दीतल्या गिगांतेस बेटांकडे जाणाऱ्या होड्या याच धक्क्यावरून सुटतात. त्यामुळे सकाळी कॉलेजची पोरं, पर्यटक आणि बर्फाच्या गाड्या एकाच रस्त्यावर भेटतात.

धक्क्यावर मी उजाडायच्या आत पोचले. हर्णैला लिलाव संध्याकाळी वाळूवर, आरडाओरडा करत चालतो. इथे मासळी बान्येरात येते. बान्येरा म्हणजे मोठं गोल घमेलं, व्यवहारही त्याच मापाने होतो. पाच-सहा बायका उकिडव्या बसून तारली निवडत होत्या. हात इतके भराभर चालत होते की मला बोटं दिसेनात, नुसती चांदीची रेघ दिसे. मोठी एका बाजूला, मोडकी दुसरीकडे. मोडकी वाया जात नाही, खारवून तिचा गिनामोस होतो. होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे तरंगते दांडे. आपल्या मालवणकडच्या होडीला एकाच बाजूला असते, हे मी तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याला हातवारे करून सांगितलं, तर तो बराच वेळ मान हलवत हसत राहिला.

मला सगळ्यात भावलं ते मात्र या धक्क्यावर दिसत नाही. फिलिपिन्सच्या 1998 च्या मत्स्य कायद्याने किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचा समुद्र त्या त्या गावाच्या पालिकेच्या ताब्यात दिलाय. तिथे तीन टनांपर्यंतच्या छोट्या होड्यांच्या मच्छीमारांचा हक्क पहिला. परवाने पालिका देते, अभयारण्य कुठे करायचं ते पालिका ठरवते. म्हणजे निवडून दिलेला मेयर जसा रस्त्याला जबाबदार, तसाच समुद्रालाही. आपल्याकडे किनाऱ्यालगतचा समुद्र राज्य सरकारच्या कायद्याखाली येतो. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी टाकणाऱ्यांनी, मासळी उपसून नेली की माझ्या गावच्या माणसाला दाद मागायला कुठे कुठे जावं लागतं, ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणून हे ऐकताना मला हेवा वाटला. इथेही सगळं आलबेल नाही. मोठी जहाजं हद्दीत घुसतात, आणि 15 किलोमीटरचा हा हक्कच आता न्यायालयात वादाचा झालाय. तो टिकावा असं मला मनापासून वाटतं.

वादळाबद्दल मी विचारणार नव्हते. उगाच कुणाची जखम कशाला उकरायची? पण खानावळीतल्या मानांगने आपणहून सांगितलं. 8 नोव्हेंबर 2013. योलांदा, ज्याला आपण बातम्यांत हैयान म्हणून ऐकलं, ते शेजारच्या कोन्सेप्सियॉनला धडकलं. वाऱ्याने किनाऱ्याला बांधलेली वीजनिर्मितीची बार्ज सुटली, खडकांवर आदळली आणि सुमारे 8 लाख लिटर भट्टीचं तेल समुद्रात सांडलं. बोतोंगॉन भागातल्या लोकांना वाफेच्या त्रासाने घरं सोडावी लागली. "घर पडलं त्याचं एवढं नाही," ती म्हणाली, "पण जाळं काळं झालं." बोलता बोलता ती बोटांनी ओट्यावर काहीतरी पुसल्यासारखं करत होती.

मी गेले होते डिसेंबरात, त्यामुळे बांगडा मागितल्यावर नकार आला. बांगड्याला इथे गुमाआ म्हणतात. 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी विसायन समुद्राच्या ठरावीक भागात तारली, बांगडा आणि त्यांच्या जातभाईंची मासेमारी बंद असते, अंडी घालायचा हंगाम म्हणून. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक होड्यांची सगळीच मासेमारी थांबते. इथे ठरावीक जातींपुरतीच बंदी आहे, बाकीची मासळी चालू. धक्क्यावर निवडली जात होती ती तारली हद्दीबाहेरून आलेली, असं मला सांगण्यात आलं. मानांगने मला उगा, म्हणजे सुकी मासळी, कागदात बांधून दिली. "इनदाय," मला पोरी म्हणत ती म्हणाली, "मार्चमध्ये ये."

मार्चमध्ये गेले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बारा बांगडे आणले, आईने पाठवलेलं तिरफळ होतंच. रात्री तिखलं केलं आणि शेजारच्या मानांगला वाटीभर दिलं. सकाळी ती वाटी परत करायला आली, ती भात भरूनच.