कलिंगला न सांगितलेलं दुःख

भुवनेश्वरहून पुरीच्या रस्त्याला लागलं की आठेक किलोमीटरवर धौली येतं. बहुतेक गाड्या थेट टेकडीवरच्या पांढऱ्या शांतिस्तूपाकडे जातात. मी पायथ्याशीच उतरलो, अशोकाच्या शिलालेखासाठी. वर खडकातून नुकताच बाहेर पडतोय असा वाटणारा दगडी हत्ती, आणि खाली घासून गुळगुळीत केलेल्या कातळावर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. तिथून पाय निघेना.

इथे जे कोरलेलं नाही, तेच मला जास्त बोलकं वाटतं. कलिंगच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या भागातल्या, युद्धात १ लाख माणसं मारली गेली, दीड लाख माणसं देशोधडीला लागली, याचं आपल्याला दुःख होतं, असं अशोक ठिकठिकाणी कोरलेल्या आपल्या चौदा लेखांपैकी तेराव्यात सांगतो. तो लेख गिरनारला आहे, पार पेशावरपलीकडच्या शाहबाजगढीला आहे. कंदाहारला तर त्याचा मजकूर ग्रीक भाषेत सापडला. पण ज्यांची माणसं गेली त्या कलिंगात, धौलीला आणि जौगडला, अकरा ते तेरा हे लेख गाळलेत!

त्यांच्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत. ‘सगळी माणसं माझी लेकरं’ हे त्यांतलंच. कलिंगातल्या तोसली नगराच्या अधिकाऱ्यांना ताकीद आहे: विनाकारण कुणाला कोंडू नका, चिडू नका, आळस करू नका. सीमेवरच्या लोकांना माझी भीती वाटू नये, असंही म्हटलंय. नुसतं कोरून भागणार नाही हेही राजा जाणून होता. तिष्य (म्हणजे पुष्य) नक्षत्राच्या दिवशी हा लेख ऐकवायचा, मध्येही प्रसंगानुसार ऐकवायचा, अगदी एकच माणूस असला तरी.

ऐकणारा कोण हे पाहून मजकूर ठरवण्याची ही समज सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची आहे. जिंकलेल्या मुलखात मृतांचा आकडा पुन्हा उगाळणं धोक्याचं होतं, हे मला पटतं. तरी दुःख जगाला सांगायचं आणि ज्यांचं घर उजाडलं त्यांच्यापुढे ते गिळायचं, हे मला खटकतंच.

आपल्याकडे सोपाऱ्याला १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो आहे. राजाने शिकारीचे दौरे सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, गावोगावच्या लोकांना भेटून तो त्यांच्याशी धम्माबद्दल बोलू लागला, असं तो लेख सांगतो. धौलीला जाणार असाल तर आधी तो पाहून जा.