स्टार्टर पॅनल ते सिग्नल : आमची वाटचाल

जळगावच्या एमआयडीसीतला आमचा गाळा मुळात शेतीपंपांच्या स्टार्टर पॅनलचा. गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले. व्होल्टेज पडलं की मोटार जळायची आणि रावेर-यावलकडची माणसं पॅनल मोटारसायकलला बांधून दारात हजर. सिग्नलचं काम असंच आलं. एका चौकातला बंद कंट्रोलर दुरुस्त कराल का, अशी विचारणा झाली. डबा उघडला तर आत टायमर आणि रिले. म्हटलं, हे तर आपलंच!

डबा दोन दिवसांत चालू झाला, चौक काही चालेना. चारही बाजूंना ४५-४५ सेकंद हिरवा. हायवेला तेवढाच, रिकाम्या गल्लीलाही तेवढाच. १८० सेकंदांच्या फेरीत लोक उन्हात इंजिन बंद करून रुमाल ओला करायचे.

मग वाचायला बसलो. फेरी किती सेकंदांची ठेवायची, यासाठी वेबस्टर या इंग्रज संशोधकाचं १९५८ चं सूत्र आजही कामाला येतं. चार फेज, म्हणजे चार बाजूंच्या चार पाळ्या, दर बदलाला ४ सेकंद वाया, म्हणजे १६. त्याची दीडपट अधिक ५, झाले २९. चौकाचा भार, म्हणजे क्षमतेच्या मानाने गर्दी, ०.७ असेल तर एकातून तो वजा करून उरतात ०.३; २९ भागिले ०.३, म्हणजे साधारण ९७ सेकंदांची फेरी. भार ०.८ वर गेला की तीच १४५. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला एकच आकडा कसा चालेल? गर्दी मोजून वेळ आपोआप बदलणारी यंत्रणा सिडनीत १९७० च्या दशकातच उभी राहिली, स्कॅट्स नावाची. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने तशीच कॉसिकॉस्ट केली.

पण मोजायचं काय? लेन कागदावर. दोन ट्रकांच्या फटीत चार दुचाक्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्यात दुचाकी म्हणजे पाऊण कार, ट्रक म्हणजे ३.७. मी आणि माझा मेहुणा टपरीवर बसून वहीत रेघा मारायचो. टपरीवाला विचारायचा, "काय भो, आज किती झाल्या?" गाड्या मोजायला रस्त्यात पुरलेले लूप, म्हणजे तारेची वेटोळी, पाइपलाइनच्या खोदाईत दोनदा तुटले. बिल मात्र एकदाच मिळालं, तेही वर्षाने. कोणाकडून, ते सोडा.

आम्हाला खरा धडा शिकवला घड्याळाने. हायवेवरचे दोन चौक एकमेकांना जोडायचे होते. अंतर ६०० मीटर. गाड्या ताशी ३० किलोमीटरने येतात, म्हणजे पुढचा हिरवा ७२ सेकंद उशिरा लावायचा. लावला. पहिल्या दिवशी केळीचा भरलेला ट्रक दोन्ही चौक ब्रेक न लावता पार करून गेला. आम्ही चहा पाजला सगळ्यांना.

तीन आठवड्यांनी हवालदारसाहेबांचा फोन. "तुमचा सिग्नल गाड्या पळवतो आणि पुढे नेऊन आपटतो." जाऊन पाहिलं तर खरंच. पहिल्या चौकातून सुटलेला अख्खा जथा पुढे लालला भिडत होता. दोन्ही डब्यांतली घड्याळं एकमेकांपासून दिवसाला दीडेक सेकंद सरकत होती. एक डबा झाडाखाली, दुसरा दिवसभर उन्हात. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या आत किती असेल कोण जाणे. तापलेल्या क्वार्ट्झची चाल बदलते, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. २१ दिवसांत अर्ध्या मिनिटाचा फरक. मग प्रत्येक डब्यात जीपीएस रिसीव्हर बसवला. उपग्रहाकडून वेळ घ्यायचा, भांडण मिटलं. डब्यावर दुहेरी पत्रा आणि खाली जाळी, ही युक्ती मात्र स्टार्टर पॅनलवाल्यांची.

आता आम्ही सात जण. काही चौकांत कॅमेरे मोजतात. मॅन्युअलची किल्ली मात्र काढलेली नाही. कानबाईच्या विसर्जनाला, श्रावणातल्या त्या सोमवारी, ती हवालदारसाहेबांच्याच हातात असते आणि तेच बरं.

एका चौकात अजून अडलंय. संध्याकाळी पाचनंतर कडुलिंबाची सावली रस्त्यावर उतरते, कॅमेऱ्याला ती उभी गाडी वाटते आणि रिकाम्या बाजूला हिरवा मिळत राहतो. झाड तोडा, असं एकाने सुचवलं. तिथे आम्ही पुन्हा लूप पुरतोय.