पिशवीतलं गोठणं

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना एक करावं, तो तुकडा पूर्ण तोडू नये. एवढासा कपटा भंगारात कुणी वेचत नाही. आणि दूध ओतून झालं की पिशवी उजेडाकडे धरून बघावी.

जेमतेम ५० मायक्रॉनच्या या फिल्ममध्ये बहुधा दोन पॉलिथिन असतात, एलडी (कमी घनतेचं) आणि एलएल (कमी घनतेचंच, पण सरळ साखळीचं). भावकी एकच, पण एलडीच्या रेणूंच्या साखळीला लांब-आखूड दोन्ही फांद्या आणि एलएलच्या साखळीला फक्त आखूड. फांद्या आड आल्या की साखळीला घडी घालून स्फटिकात बसता येत नाही. म्हणून एलडी साधारण ११० अंशांना वितळतं, एलएल १२० ते १२५ला.

कारखान्यात डायमधून, म्हणजे गोल फटीच्या साच्यातून, सुमारे दोनशे अंशांचा वितळलेल्या प्लास्टिकचा रस नळीसारखा वर चढतो. आतल्या हवेने त्याचा फुगा होतो, बाहेरून एअर रिंग गार वारा मारते. खाली फुगा काचेसारखा स्वच्छ. जरा वर एक धूसर कडं दिसतं, ती फ्रॉस्ट लाइन. तिथे स्फटिक धरतात, चक्क डोळ्यांदेखत. एसटीत खिडक्या आधी भराव्यात तसं एलएल आधी बसून घेतं, एलडी उरलेल्या जागेत सरकतं.

निव्वळ एलएलमध्ये गोल स्फटिकपुंज मोकळेपणी वाढतात, पृष्ठभाग उंचसखल होतो, फिल्म धुरकट दिसते. १०-२० टक्के एलडी घातलं की त्याच्या लांब फांद्या ओढीच्या दिशेने ताणलेल्या राहतात आणि स्फटिक त्यांच्या आधाराने रांगेत उगवतात. फिल्म उजळते, फुगाही कमी डुलतो. म्हणून एलडी वाढवतच नेलं तर मात्र फिल्म लांबीच्या दिशेने सर्रकन फाटते. शिवाय भरणीच्या यंत्रात खालचं सील गरम असतानाच दूध त्यावर आदळतं. तो मार झेलायला एलएलच हवं.

खरा घात करतं ते चुकून हॉपरमध्ये, म्हणजे यंत्रात दाणे ओतायच्या नरसाळ्यात, पडलेलं पॉलिप्रॉपिलीन हे दुसरंच प्लास्टिक. वितळतं १६० अंशांच्या पुढे, पण मिसळत नाही. वेगळे थेंब करून गोठतं, आणि पिशवी नेमकी तिथेच दगा देते.

फिल्म धुरकट आली की लगेच एलडी वाढवण्यात अर्थ नाही. आधी फ्रॉस्ट लाइन बघावी. ती वर सरकली असेल तर गोठणं सावकाश चाललंय, स्फटिक मोठे होताहेत. वारा वाढवावा किंवा रसाचं तापमान उतरवावं. फिल्म डायच्या तोंडापासूनच खरखरीत येत असेल तर स्फटिकांना बोल लावू नये. तिथवर ते जन्मालाच आलेले नसतात. एलएलच्या मानाने डायची फट अरुंद पडलेली असते.