रीस्टार्ट मारू नकोस

"सर, एलएससुद्धा चालंना झालंय. रीस्टार्ट मारू का?"

फोनवर कारखान्याचा सर्व्हर बघणारं पोरगं होतं. एलएस म्हणजे फाईलींची यादी दाखवणारी अगदी साधी कमांड. मी त्याला आधी कीबोर्डवरचा हात काढायला लावला. कमांड टाकायची ती काळी विंडो बंद करायची नाही, हेही बजावलं.

मांजरा नदीकाठच्या एका साखर कारखान्यावरचा वजनकाट्याचा सर्व्हर. ऐन गळीत हंगामात रात्री पावत्या बंद पडलेल्या आणि बाहेर ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग. तोडलेला ऊस गाडीतच वाळतो, वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या अंगावर येतं. असल्या फोनला 'सकाळी बघू' म्हणणं मला जमत नाही.

डिस्क ५० जीबीची आणि त्यात एकटा लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींची फाईल, ३८ जीबीचा! सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी तो डीबगवरच, म्हणजे बारीकसारीक सगळं नोंदवत, सोडलेला; जुना लॉग आपोआप आवरणारं लॉगरोटेट लावलेलंच नाही. पोरानं लॉग आरएम कमांडनं उडवला, तरी जागा वाढेना. फाईली मोजणारं डीयू म्हणतं डिस्क मोकळी, डिस्कची जागा मोजणारं डीएफ म्हणतं शंभर टक्के भरलेली. आरएमनं फाईलचं फक्त नाव जातं. प्रोसेसनं, म्हणजे चालू प्रोग्रॅमनं, ती उघडी धरलेली असेल तर जागा सुटत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही. एवढं साधं गणित कंपनीच्या सपोर्टवाल्याला माहीत नसावं? त्यानं फोनवरून सांगितलं, जुन्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक फाईली, दुसऱ्या डिस्कवर हलव. पोरानं 'लिबसी २.१७' हलवली. आकड्यावरून ती जुनी वाटली, पण सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सची चालू लिबसी तीच. जवळपास प्रत्येक कमांड तिच्यावर उभी.

नवीन लॉगिन आता होणार नव्हतं, त्यामुळे लातूरहून मला आत शिरता येईना. रीस्टार्ट केला असता तर मशीन परत उठलंच नसतं. शाबूत होती ती फक्त पोराची आधीच उघडलेली रूटची शेल, म्हणजे सर्वाधिकार असलेली ती काळी विंडो, कारण तिची लिबसी मेमरीत होती.

मग एकेक अक्षर फोनवर सांगत गेलो. "एक्स्पोर्ट, स्पेस, एलडी अंडरस्कोर प्रीलोड, सगळं कॅपिटल, बरोबरचं चिन्ह, पुढं हलवलेल्या फाईलचा पूर्ण पत्ता." यानं प्रत्येक कमांड हलवलेली लिबसी आधी उचलते. एंटर. एलएस चाललं! पोराचा आवाजच बदलला. पण लिबसी जागेवर कॉपी करायला डिस्कवर तसूभर जागा नव्हती. हलवलेल्या लिबसीचीही जागा सुटली नव्हती. चालू प्रोसेस तिलाही धरून होत्या. म्हणून आधी चालू प्रोसेसची माहिती असलेल्या प्रॉक फोल्डरमध्ये 'डिलीटेड' हा शेरा शोधायला लावलं. काट्याच्या जावा प्रोसेसच्या एफडीत, म्हणजे उघड्या फाईलींच्या यादीत, लॉग सापडला. "कोलन, स्पेस, मोठ्याचं चिन्ह, आणि हाच पत्ता." यानं फाईल रिकामी होते. ३८ जीबी तिथल्या तिथं मोकळे. मग लिबसी कॉपी, लायब्ऱ्यांची नोंद ताजी करणारं एलडीकॉन्फिग, नवीन लॉगिन करून खात्री, आणि काटा सुरू.

पोरगं गुणी आहे. त्या घाईत त्यानं एक अक्षर चुकवलं नाही. तरी सकाळी ऑफिसात बोलणी त्यालाच बसली. सपोर्टवाल्याला कुणी जाब विचारला नाही. मला हे अजून खटकतं. ज्याच्या हातात रूटचा पासवर्ड देता, त्याला आठवडाभर कुणाजवळ बसवून शिकवायला काय जातं?

लॉगरोटेट मी लावून दिलं, कॉपीट्रंकेटसकट, म्हणजे लॉगची प्रत काढून मूळ फाईल जागेवरच रिकामी होते. सेंटओएस ७चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलाय, तेही लेखी कळवलं. डीबग बंद करायचं मात्र कंपनीच्या हातात आहे, आणि ते अजून चालूच आहे.