बिनसरहून आल्यावर

१२ एप्रिल, इंदूर, रात्री

बॅगा अजून रिकाम्या व्हायच्यात, पण आजच लिहून काढते, उद्यापासून ऑफिस सुरू झालं की राहूनच जाईल.

जेवताना आईंनी (सासूबाईंनी) विचारलं, अगं त्या हॉटेलात टीव्ही नाही, गिझर नाही, एसी नाही, मग एवढे पैसे कशाचे घेतात? प्रश्न अगदी बरोबर आहे. यांनी फोटो दाखवून वेळ मारून नेली, पण मला नीट उत्तर द्यायचंय, म्हणून हे.

आम्ही राहिलो ती जागा बिनसरला, म्हणजे उत्तराखंडात अल्मोड्याच्या पुढे तीसेक किलोमीटर, १९८८ पासून अभयारण्य आहे ते. इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, मग टॅक्सीनं वळणंच वळणं, आणि शेवटचा टप्पा पायी. सामान गावातली माणसं घेऊन येतात, त्याचे पैसे थेट त्यांच्याच हातात द्यायचे असा तिथला नियम, मला फार आवडला. विमानानं पंतनगरला उतरताही येतं, पण झाडं वाचवायच्या जागी जायचं तर निदान ट्रेननं जाऊ असा मी हट्ट धरला आणि यांनी ऐकला.

खोल्या दगड-मातीच्या, वर पाथरांचं (दगडी पाट्यांचं) छप्पर, तिथली जुनी घरं असतात तशी. भिंती एवढ्या जाड की बाहेर बोचरा वारा असला तरी आत उबदार. लाइट सोलरवर, त्यामुळे रात्री अगदी मोजके दिवे. अंघोळीला गरम पाणी बादलीतून यायचं, आणि झोपायच्या आधी कोणीतरी गुपचूप रजईत गरम पाण्याची पिशवी ठेवून जायचं, ते मी कधीच विसरणार नाही. जेवण गावातल्या बायका करतात. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणी, गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ, शिवाय काळ्या भटांची (म्हणजे तिकडचं काळं सोयाबीन) चुडकाणी, जखिया नावाच्या बियांच्या फोडणीचे आलू के गुटके, भांगेच्या बियांची चटणी आणि शेवटी झंगोऱ्याची (वरईसारखं धान्य) खीर. दोन वाट्या खाल्ली मी. बुरांश फुललेला होता, पूर्ण डोंगरउतार लाल, त्याचं सरबत रोज. एका रात्री पाऊस पडला आणि सकाळी समोर त्रिशूल, नंदादेवी, पंचाचूली सगळे स्वच्छ. नंदादेवी ७,८१६ मीटर! यांना हाका मारून मारून उठवलं.

पण आईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला नौल्यावर मिळालं.

आमच्याबरोबर जे दाज्यू यायचे (तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, मी पण तेच म्हणायला लागले) ते आम्हाला खालच्या गावाच्या वाटेवर एक नौला दाखवायला घेऊन गेले. नौला म्हणजे झऱ्याचं पाणी साठवायची दगडी कुंडी, वर पाथरांचं छोटं छप्पर, आत चारी बाजूंनी पायऱ्या खाली खाली अरुंद होत जातात आणि तळाशी जमिनीतून झिरपलेलं पाणी. आतल्या भिंतीत विष्णूची छोटीशी मूर्ती. दाज्यूंनी चपला बाहेर काढल्या, मग आम्ही पण काढल्या. त्यांनी सांगितलं की लग्न होऊन आलेली सून आधी नौल्याची पूजा करते. वाकून ओंजळभर पाणी प्याले, दात शिवशिवले इतकं गार, आणि तळाचा एक एक खडा दिसत होता.

मी विचारलं, हे आटत नाही का? ते वरच्या बांजकडे हात करून म्हणाले, "दीदी, पानी तो ऊपर जंगल में है, यहाँ तो बस निकलता है." बांज म्हणजे ओक. त्याच्या खाली पाचोळ्याचा इतका जाड थर असतो की पाय रुततो, हाताने उकरलं तर खाली काळी ओली माती. पावसाचं पाणी तो थर धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. थोडं खाली आलं की चीड, म्हणजे पाइनची झाडं, सुरू होतं, तिथे जमीन खडखडीत, वर नुसत्या वाळक्या सुया, त्याला पिरूल म्हणतात. राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी इंग्रजांनी चीड वाढवलं, आणि उन्हाळ्यात तेच पिरूल पेट घेतं. २०२४ च्या जूनमध्ये बिनसरच्या वणव्यात वनखात्याची माणसं गेली, आग विझवायला गेली होती ती. दाज्यू ते सांगताना मधेच थांबले, आम्ही पण पुढे काही विचारलं नाही.

तर ज्या जागी आम्ही राहिलो ते लोक गावकऱ्यांना मजुरी देऊन पिरूल उचलून घेतात, उतारावर चर खणतात, बांजची रोपं लावतात, आणि स्वतः नौल्याचं पाणी न घेता छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून वापरतात. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत चाललेत असं आहे. अशा ठिकाणी पाहुण्यांसाठी बाथटब भरणारं हॉटेल आणि गावाचा झरा जपणारं हॉटेल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझ्या मते पैसे त्या फरकाचे. बांबूचा ब्रश आणि कागदी स्ट्रॉ ठेवून स्वतःला इको म्हणवणाऱ्या जागा खूप झाल्यात, मी आता कुठेही बुकिंग करताना आधी पाणी कुठून आणता हेच विचारणार.

आणि तेव्हापासून इंदूरचं डोक्यातून जात नाहीये. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतं, ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लहान पोरांना पण आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण पाणी? नर्मदा जलूदहून सत्तर किलोमीटर लांबून पंपानं वर चढवून आणतो आपण, नळाला एक दिवसाआड, आणि एप्रिल आला की टँकर. ज्या माळव्याला डग डग रोटी, पग पग नीर म्हणायचे तिथे! बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) होत्या ना आपल्याकडे पण. किती तरी बुजवल्या, किती झाकल्या. २०२३ च्या रामनवमीला आपल्याच शहरात मंदिरातल्या झाकलेल्या बावडीवरची फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. नौल्यापाशी चपला काढताना मला तेच आठवलं आणि रडू आलं, यांना वाटलं थंडीनं डोळ्यात पाणी आलं.

आईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या माहेरच्या वाड्यात विहिरीला दिवाळीत पणती लावायचे, बोअर झाल्यावर बंद झालं. मग त्याच म्हणाल्या, आपल्या गच्चीचं पाणी तर सरळ गटारात जातं गं.

हिशोब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपली गच्ची साधारण हजार स्क्वेअर फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर, इंदूरला वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर तरी पडतो, वाया जाणारं सोडलं तरी साठ-सत्तर हजार लिटर. एवढं पाणी बोअरच्या शेजारी जिरवता येईल. प्लंबरला फोन झालाय, रविवारी बघायला येतोय. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवा, मधे गिट्टी-वाळूची फिल्टर टाकी हवी, आणि शेजारच्यांची गच्ची पण जोडता येईल का ते वहिनींना उद्या विचारते, त्या तयार झाल्या तर खर्च निम्मा होईल. जूनच्या मध्याआधी काम व्हायला पाहिजे.